अभिलेख कक्षाचा कार्यभार घेणाऱ्यास चार समजुतीच्या गोष्टी

जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातील अभिलेख कक्षाचा अतिरिक्त कार्यभार आपल्याकडे आल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. हे काम मूळ काम म्हणून सहसा कोणाच्याच वाट्याला येत नाही, त्यामुळे खट्टू होण्याचे कारण नाही. आस्थापनेचे किंवा संचमान्यतेचे, म्हणजे शाळांची शिक्षकपदे मंजूर करण्याचे, टेबल सांभाळून उरलेल्या वेळात हा कक्ष पाहायचा असतो, आणि उरलेला वेळ म्हणजे नेमके काय, हे आपल्याला मार्चअखेरीस समजेलच. तूर्त एक तत्त्व मनाशी पक्के करून ठेवावे, म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल. कागद सापडला नाही, तर कार्यालयाचे काहीही अडत नाही. अडते ते कागद मागणाऱ्याचे. आपल्या आधीच्या कर्मचाऱ्यांनी हे जाणले होते, म्हणूनच ते सुखाने निवृत्त झाले.

प्रथम कक्ष पाहून घ्या. किल्ली परिचराकडे असते आणि परिचर बँकेत गेलेला असतो. कुलूप उघडल्यावर आत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे आणि गठ्ठ्यांपुढे मागच्या विज्ञान प्रदर्शनाचे फलक, बंद पडलेले संगणक आणि मोडक्या खुर्च्या अशी रचना दिसेल. ती बदलू नका. खुर्च्या हलवल्या की गठ्ठ्यांपर्यंत वाट होते आणि वाट झाली की मागणी येते. कोणत्या वर्षाचे काय कोणत्या मांडणीवर आहे, याची सूची भिंतीवर लावण्याचा मोह आपल्यासारख्या नव्या माणसाला हमखास होतो, तो आवरा. ती सूची परिचराच्या डोक्यात आहे आणि येत्या जूनमध्ये तो सेवानिवृत्त होत आहे. निरोपसमारंभात शाल आणि श्रीफळ देऊन ती सूची त्याच्याबरोबरच सन्मानाने घरी पाठवावी.

वर्गीकरणाची पद्धत मात्र तोंडपाठ ठेवा, कारण तपासणीत तेवढेच विचारतात. ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम ठेवायचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे १०, ‘क-१’ वर्गाचे ५ आणि ‘ड’ वर्गाचे १ वर्ष. त्याशिवाय प्रत्येक टेबलाने सहा गठ्ठे लावायचे असतात, त्यांतला पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. पाचवा आणि सहावा गठ्ठा एकाच कपाटात, एकाच रंगाच्या कापडात, शेजारी शेजारी ठेवण्याची प्रथा फार जुनी असून तिच्यात दूरदृष्टी आहे. वरिष्ठांचा दौरा ठरला आणि ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम निघाली की दोन दिवसांत कार्यालय लख्ख करायचे असते, अशा वेळी वैयक्तिक मान्यतांची, म्हणजे एकेका शिक्षकाच्या नेमणुकीला कार्यालयाने दिलेल्या मंजुरीची, नस्ती कोणती आणि रजेच्या अर्जांचा ढीग कोणता, हे उघडून पाहायला सवड कोणाला आहे? रद्दी किलोवर जाते आणि मोहिमेचे यशही किलोवरच मोजले जाते. उलट, चहापानाची जुनी देयके कोणीतरी ‘अ’ वर्गात बांधून ठेवलेली आढळतील. ती कायम राहतील.

येथे कायद्याची थोडी माहिती असणे बरे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमायचा असतो, आणि विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घाबरू नका, बारकाईने वाचा. शिक्षा आहे ती नष्ट करण्याला. न सापडण्याचे त्या कलमात नावही नाही. म्हणून हातून काहीही नष्ट करू नये. गळक्या छताखाली ठेवावे, भिंतीला चिकटवून ठेवावे, जमिनीवर ठेवावे. वाळवीला सेवाशर्ती लागू नसल्याने तिच्यावर विभागीय चौकशीही बसत नाही.

आता अर्जदाराकडे वळू. आपल्याकडे सर्वाधिक येणारा माणूस म्हणजे अनुदानित शाळेतील निवृत्तीला टेकलेला शिक्षक. त्याचा निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव महालेखापालांकडे जायचा असतो, आणि सेवापुस्तकात त्याच्या पहिल्या नेमणुकीच्या वैयक्तिक मान्यतेचा क्रमांक असला, तरी आदेशाची प्रत लावलेली नसते. तो आदेश याच कार्यालयाने, समजा १९८८ मध्ये, काढलेला असतो. त्याची कार्यालयीन प्रत याच कक्षात असायला हवी, हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. येथे ‘हरवली’ हा शब्द चुकूनही वापरू नये, कारण हरवणाऱ्याला नाव असते. ‘सदर संचिका अभिलेखात आढळून येत नाही’ असे लिहावे. या वाक्यात कोणीच काही केलेले नसते. त्यानंतर त्यालाच प्रत आणायला सांगावे. तो घरच्या पिशवीतून झेरॉक्स काढेल, तेव्हा मूळ प्रत मागावी. मूळ प्रत शाळेकडे होती आणि शाळेची कागदपत्रे मुख्याध्यापक बदलताना गेली, असे तो सांगेल, तेव्हा मान हलवावी आणि या बाबतीत शाळेने अत्यंत हलगर्जीपणा केल्याचे मत व्यक्त करावे. मग प्रतिज्ञापत्र. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रास मुद्रांक शुल्क माफ आहे. पण त्याने विचारल्याखेरीज ही माहिती देऊन त्याच्या मनात गोंधळ निर्माण करू नये.

एवढ्याने भागले नाही, तर तो माहितीचा अधिकार वापरतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज आला की प्रथम शब्द मोजा; आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, अशी मर्यादा २०१२ पासून आहे. शब्द कमी भरले, तर विषय मोजा. विषयही एकच निघाला, तर कलम ६(३) आहे. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाशी संबंधित असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवता येतो, आणि प्राथमिकचे काम माध्यमिककडे, माध्यमिकचे वेतन पथकाकडे आणि वेतन पथकाचे उपसंचालक कार्यालयाकडे संबंधित नाही, असे आजवर कोणी सिद्ध करू शकलेले नाही. तीस दिवस असेच जातात. पहिले अपील वरच्या साहेबांकडेच असते. ते सुनावणीत ‘अभिलेखांचा पुनश्च शोध घ्यावा’ असा आदेश देतात आणि आपण पुनश्च तेच पत्र, फक्त तारीख बदलून, देतो. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठापुढे लागेपर्यंत आपली बदली झालेली असते. दंड दिवसाला अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजार, आणि तो जन माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. आपण तो अधिकारी नाही, ही बाब चहाच्या वेळी अधूनमधून आठवावी. त्याच कायद्याचे कलम ४ अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवायला सांगते, हे अर्जदारांपैकी फार थोड्यांना माहीत असते. ज्याला माहीत असते, त्याच्याशी मात्र नम्रतेने वागावे.

जनरल रजिस्टर, म्हणजेच प्रवेश-निर्गम नोंदवही, याविषयी विशेष सावध राहा. शाळा बंद पडली की तिचे दप्तर बहुधा शेजारच्या शाळेत किंवा आपल्या कार्यालयात येऊन पडते. हे दप्तर निरुपद्रवी दिसते, पण राज्यातला निम्मा माणूस त्यात अडकलेला असतो. जातीचा दाखला आणि पडताळणी यांसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या घरात जमीन नव्हती, तिथे सातबारा नाही. खरेदीखत असण्याचा प्रश्नच नाही. मग त्या घरात पहिल्यांदा शाळेत गेलेल्या आजोबांची एक ओळ, एवढाच पुरावा उरतो, आणि ती ओळ आपल्या मांडणीवर खालून दुसऱ्या कप्प्यात असते. जन्मतारीख १ जून, कारण त्या काळी मास्तरांनी अर्धा तालुका १ जूनला जन्माला घातलेला आहे; पण जातीच्या रकान्यात जे लिहिले, ते त्याच मास्तरांच्या हस्ताक्षरात पक्के आहे. नोंदीत बदल करायचा, तर माध्यमिक शाळा संहितेनुसार शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पान फाटायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही, फक्त दरवर्षीची थोडी ओल पुरते.

या कामी निष्काळजीपणा केला, तर काय होते, याचे उदाहरण साताऱ्यात आहे. तेथील शासकीय हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाला इंग्रजी पहिलीत प्रवेश मिळाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्याचे नाव लिहिले गेले आणि ते रजिस्टर कोणीही हरवले नाही. परिणामी २०१७ पासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करावा लागतो, आणि त्याचा अहवाल छायाचित्रांसह आपल्याच कार्यालयाला पाठवावा लागतो. ज्या कारकुनाने ती ओळ लिहिली, त्याला हा मुलगा पुढे कोण होणार, याची कल्पना असणे शक्य नव्हते; त्याने सगळ्यांच्याच ओळी सारख्या लिहिल्या. आपण असा अव्यवहारीपणा करू नये.

एक कटू प्रसंगही सांगितला पाहिजे, कारण तो पुन्हा येऊ शकतो. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि वरून आदेश आला, की जुने सारे अभिलेख तपासा. ज्या कक्षांची किल्ली बँकेत गेलेल्या परिचराकडे असायची, ते सुट्टीच्या दिवशीही उघडले. मोडी वाचणारे मिळाले, उर्दू वाचणारे मिळाले, ‘जीर्ण झाल्याने हाताळता येत नाही’ असा शेरा असलेली रजिस्टरे हाताळता आली आणि सर्व विभागांच्या मिळून पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे शासनाने जाहीर केले. अभिलेख मुळात तिथेच होते, हे त्या काळात दुर्दैवाने सर्वांना दिसले. मात्र घाबरून जाऊ नका, ही रीत जुनीच आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी रुमालही, म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठेही, प्रथम नीट लावले गेले, ते इंग्रजांच्या इनाम कमिशनला लोकांची इनामे तपासायची होती म्हणून. सरकारला स्वतःला कागद हवा असतो, तेव्हा तो सापडतोच. एकट्यादुकट्या शिक्षकाला हवा असतो, तेव्हाचे नियम वेगळे आहेत, आणि या दोहोंत गल्लत न करणे हेच आपले कौशल्य. मोहीम संपली की खुर्च्या आणि फलक पूर्ववत लावून घ्यावेत.

जावक नोंदवहीबाबत मी फार बोलणार नाही, कारण जाणत्याला खूण पुरते. महिन्याच्या शेवटच्या पानावर दोनचार ओळी कोऱ्या सोडण्याची पद्धत आपल्याला आढळेल. ती विसरभोळेपणामुळे आली, असे समजू नका. मागील तारखेच्या आदेशाला मागील तारखेचा जावक क्रमांक लागतो, आणि खरी कार्यालयीन प्रत मांडणीवर नसेल, तर खोट्या प्रतीला खोटे कोण म्हणणार? २०२५ मध्ये नागपूर विभागातले बोगस शालार्थ आयडींचे, म्हणजे शिक्षकांचे पगार काढणाऱ्या ऑनलाइन प्रणालीतील खोट्या ओळखक्रमांकांचे, प्रकरण बाहेर आले, तेव्हा मान्यतेचे आदेश आणि नेमणुकीची कागदपत्रे तपासायची वेळ आली. अशा तपासात व्यवस्थित ठेवलेला अभिलेख कक्ष किती गैरसोयीचा ठरतो, हे सांगायला नको. ज्या कक्षात खऱ्या शिक्षकाचा आदेश सापडत नाही, त्याच कक्षात न झालेल्या शिक्षकाचा आदेशही नाही, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

संगणकीकरण येणार म्हणून काळजी करणाऱ्यांतले आपण असाल, तर निश्चिंत राहा. कंत्राट पानांवर असते, त्यामुळे ठेकेदार पाने मोजतो, नावे नव्हे. आडवे, उलटे, अर्धे असे सारे स्कॅन होऊन ‘नवीन फोल्डर २’ मध्ये जमा होते आणि हार्ड डिस्क साहेबांच्या कपाटात. मूळ कागदांची आता गरज नाही, असा शेरा तेवढ्यात कोणाकडून तरी मिळवून ठेवावा.

यथावकाश आपलीही बदली होईल. त्या दिवशी कार्यभार हस्तांतरणाची यादी करावी लागते, आणि नवखे लोक तिथे गठ्ठे मोजायला बसतात. तसे करू नका. यादीत कपाटे, मांडण्या, पंखा आणि कुलूप यांची नोंद स्वतंत्र क्रमांकाने, तपशीलवार करावी, कारण जड वस्तूंची पडताळणी होते. अभिलेखांसाठी शेवटी एकच ओळ पुरेशी आहे: ‘उर्वरित अभिलेख, जसे आहेत तसे.’ येणारा कर्मचारी नवीन असेल. त्याला ही ओळ विचित्र वाटेल आणि तो सही करण्यापूर्वी कक्ष पाहायची इच्छा व्यक्त करील. त्याला जरूर न्या. मात्र त्याआधी परिचर बँकेतून आला आहे का, ते विचारून घ्या.