आधी शेत, मग लढाई

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा युद्धाचा कॉम्प्युटर गेम आहे असं लोक म्हणतात. मला विचाराल तर तो महिन्याच्या वीस तारखेचा गेम आहे.

सुरुवातीला पदरी एक टाउन सेंटर म्हणजे गावाची मुख्य इमारत, तीन गावकरी आणि एक टेहळ्या स्वार. नवा गावकरी हवा तर ५० धान्य मोजा आणि २५ सेकंद थांबा. नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, हवा तर ६० धान्य आणि वर ७५ सोनं. त्यात नेहमीच्या खेळात माणसं २०० च्या वर जात नाहीत, शेतकरी-शिपाई सगळे धरून. म्हणजे मी लावलेला प्रत्येक शेतकरी एका शिपायाची जागा अडवून बसतो. बसू दे! निदान पिकवतो तरी.

माझा जीव शेतात. १९९९ च्या मूळ गेममध्ये शेत संपलं की आपण जाऊन पुन्हा करायचं, दर खेपेला ६० लाकडं. आता ते आपोआप पेरलं जातं, त्यामुळे मी पुरताच बिघडलोय.

भाचा मात्र खेळायला मंगोलांची बाजू घेतो. मंगोलांची शिकार ४० टक्के जलद होते, म्हणून इकडे माझी शेतं जेमतेम रांगेला लागतात तोवर याचे स्वार माझ्या लाकूडतोड्यांच्या पाठीवर.

‘‘मामा, भालेकरी काढ ना!’’

‘‘३५ धान्य नि २५ लाकूड पडतं रे. थोडं धान्य घातलं की गावकरी येतो!’’

‘‘अरे, पण आहेत ते मरतायत!’’

मग मी घंटा वाजवतो. बायाबापड्या टोपल्या टाकून टाउन सेंटरात घुसतात, आतून बाण सुटतात. पण त्या वेळात एक दाणा घरात येत नाही. बाणांपेक्षा मला तेच जास्त लागतं.

हल्ली त्यानं मला आपल्या बाजूला घेतलंय. तो लढतो, मी कमावतो, आणि दर दोन मिनिटांनी हेडफोनमधून ‘‘मामा, सोनं!’’ येतं. पाठवायला ना नाही, पण सुरुवातीला बाजार त्यावर ३० टक्के कापतो; बँकिंगचा शोध लावला की काहीच नाही. शत्रूचा किल्ला पडायला आलेला, तोफा अडलेल्या, पोरगं ओरडतंय. आणि मी त्याला सांगतोय, ‘‘दम धर जरा, आधी बँक होऊ दे.’’