शेवटचा अंक तोंडी काढता येतो
लेख आवडला, पण 'सर्वात मोठी मूळ संख्या सापडली' हे शीर्षक खटकलं. 'ज्ञात असलेली सर्वात मोठी' म्हणा हो! मूळ संख्या संपत नाहीत हे प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनं कधीच दाखवून दिलंय. २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली ही संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. अंक ४ कोटी १० लाखांहून जास्त, तरी शेवटचा अंक तोंडी निघतो. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. घातांकाला ४ ने भागलं की बाकी १, म्हणजे त्या फेरीतला पहिला अंक, २. त्यातून १ वजा, उरला १. आणि अशी संख्या मूळ ठरायला नुसता घातांक मूळ असून पुरत नाही बरं का. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते निघतात २३ गुणिले ८९.