वर्तुळाबाहेरची पोरं

'जुना हस्कर' (हस्कर म्हणजे नेब्रास्का संघाचं टोपणनाव) यांस,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पटली, निदान अर्धी. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघानं खेळाडू हेरायला पुन्हा टेक्सासात तळ ठोकावा. त्यावर तुमचं म्हणणं असं: वैभवाचे दिवस गावच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी आणले, २०११ मध्ये बिग ट्वेल्व्ह ही विद्यापीठांची लीग सोडून बिग टेन या दुसऱ्या लीगमध्ये गेल्यावर टेक्सास संपलं, आता आपल्या विद्यापीठाच्या लिंकन शहराभोवती पाचशे मैलांचं वर्तुळ काढावं आणि त्यातच राहावं. शेवटी 'इथे दोन वर्षं एमएस करून कोणी नेब्रास्कन होत नाही' हा टोला. तो मान्य. नोव्हेंबरात साध्या जॅकेटवर संघाच्या मेमोरियल स्टेडियमला जाणारा माणूस नेब्रास्कन असूच शकत नाही, आणि मी गेलोय.

पण गावच्या पोरांचं म्हणाल तर १९८३ चा संघच घ्या. पळणारा माइक रोझियर न्यू जर्सीचा. त्या वर्षीचा हाइझमन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, त्याचाच. बाजूनं सुसाट सुटणारा अर्विंग फ्रायरही न्यू जर्सीचा. चेंडू फेकून चढाई चालवणारा क्वार्टरबॅक टर्नर गिल टेक्सासातल्या फोर्ट वर्थचा. आणि त्यांच्यासाठी वाट मोकळी करणारा डीन स्टाइनकुलर? तो नेब्रास्कातल्या बर गावचा. आज त्या गावात शंभर माणसंही नाहीत. सर्वोत्तम लाइनमनची आउटलँड ट्रॉफी मिळवलेला गडी! त्याच्या आधीची दोन वर्षं तीच ट्रॉफी नेब्रास्कातल्याच ओमाहा शहराच्या डेव्ह रिमिंग्टननं नेली होती. म्हणजे धिप्पाड, चिवट माणूस घरचा आणि वेग बाहेरचा, हे तेव्हाचे कोच टॉम ऑस्बोर्न यांचं गणित होतं. ते हंगामाअखेरच्या ऑरेंज बोल सामन्यात मायामीपुढे ३१-३० नं हुकलं. (शेवटच्या टचडाउननंतर एक जादा गुण घेऊन बरोबरी साधून सुटता आलं असतं, पण ऑस्बोर्न जिंकायला दोन गुणांसाठी गेले. त्या निर्णयावर वाद घालायला बसलो तर हे उत्तर संपायचं नाही.) पुढे १९९४ आणि १९९५ ला राष्ट्रीय विजेतेपद आलं, तेव्हाचा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझर फ्लोरिडाचा.

तुमच्या बाजूनंही एक सांगतो, कारण तुम्ही ते सांगायचं विसरलात. नेब्रास्काचे हाइझमन तीन. रोझियर सोडला तर उरलेले दोघे, जॉनी रॉजर्स आणि एरिक क्राउच, ओमाहाचेच.

आता बिग ट्वेल्व्ह. इथे मी मागच्या लेखात चुकलो, पण तुम्हीही त्याच खड्ड्यात पडलात. मी लिहिलं की टेक्सासशी सामने बंद झाले म्हणून तिथली पोरं आटली. पण बिग ट्वेल्व्हचे सामने सुरूच झाले १९९६ ला. गिल आला तेव्हा आपण बिग एट या जुन्या लीगमध्ये होतो आणि त्यात टेक्सासचं एकही विद्यापीठ नव्हतं. तरी तो आला. तेव्हा टीव्हीवर मोजके सामने दाखवत, आणि त्या मोजक्यांत नेब्रास्का असे. १९८४ ला सुप्रीम कोर्टानं प्रक्षेपणावरचा एनसीएएचा (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा) ताबा काढून घेतला आणि हळूहळू सगळेच दिसू लागले. आपले ताकद-प्रशिक्षक बॉइड एप्ली यांची वजनं उचलायची वेटरूम १९६९ पासूनची, बाकीच्यांना तिची नक्कल करायला वेळ लागला. ती झाली तसा आपला वरचष्मा गेला. तेव्हा सगळा दोष लीगवर ढकलायला नको, तुम्हीही आणि मीही.

वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात येणाऱ्या पोरांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मात्र वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. स्वतःच्या खर्चानं शिकून, दोन वर्षं घाम गाळून, तिसऱ्या वर्षी कुठे मैदानात उतरणारी गावची पोरं हा या संघाचा कणा होता. पण २०२५ पासून संघात १०५ च खेळाडू ठेवायचे असा नियम आलाय. दोन-तीन वर्षं नुसतं सरावासाठी ठेवायचं पोर आता कोणाच्या जागेवर ठेवणार? अशा गावच्या पोरांवर संघ उभारायची तुमची योजना कोचच्या नव्हे, नियमाच्या दारात अडते.

वर्तुळाचा फायदा मीही डोळ्यांनी पाहिलाय. एका शनिवारी पार्किंगमध्ये कॅन्सस सिटीचं एक कुटुंब भेटलं. पोरगा आदल्या रात्री शाळेचा सामना खेळलेला, कोपराला ताजी पट्टी, एका हातात रुन्झा (खिमा-कोबी भरलेला इथला पाव), तोंडातून वाफ. बाप म्हणाला, पहाटे निघालो, तीन तासांत आलो. शुक्रवारी रात्री खेळून शनिवारी लिंकनला येणं डॅलसच्या पोराला गाडीनं जमणार नाही. हा मुद्दा मी मागच्या लेखात गाळला होता, आणि तो लहान नाही.

पण मग आधी कुंपण नीट करा ना! नोआ फँट ओमाहाचा, गेला आयोवा विद्यापीठाला. झेव्हियर वॉट्स ओमाहाचा, नोटर डेम विद्यापीठाला जाऊन ऑल-अमेरिकन झाला, म्हणजे देशातल्या निवडक सर्वोत्तमांत आला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. पाचशे मैलांच्या गोष्टी करणाऱ्यांच्या हातून पन्नास मैलांवरची पोरं निसटतायत.

राहता राहिलं टेक्सास. मी नकाशावर मोजलं. लिंकनपासून डॅलस सरळ रेषेत साडेपाचशे मैलांच्या आसपास. तुमचं वर्तुळ सहाशेचं करा, माझा टेक्सासचा हट्ट मी डॅलस-फोर्ट वर्थपुरता आखडता घेतो. ह्यूस्टन तुम्हाला दिलं.