आप्पांच्या चिठ्ठ्या

आज सकाळी दुकान उघडताना जे बघितलं, ते लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

बेळगावच्या शहापूर भागात आमच्या ओळीतल्या एका कपड्याच्या दुकानासमोर खानापूरकडची एक मावशी पणत्यांची बुट्टी घेऊन बसली होती. दरवर्षी बसते. दुकानदाराने तिला उठवलं, कारण तिथं त्याला दिवाळी ऑफरचा बोर्ड उभा करायचा होता. बोर्डावर काय लिहिलंय? 'दोन हजारांच्या खरेदीवर पणत्यांचा सेट मोफत.' आणि तो सेट ऑनलाइन मागवलेला, प्लास्टिकच्या डब्यातला! खानापूरच्या मातीची भांडी कुठं कुठं जातात, आणि आपल्या दारातली पणती याला दिसली नाही. मी बोलायला गेले तर म्हणाला, "अक्का, तुमच्या दुकानाचं तुम्ही बघा की."

बघतेच आहे. शहापुरात आमचं फॉल-पिको आणि मॅचिंगचं दुकान आप्पांपासूनचं. दसरा झाला की आप्पा गल्लीतल्या प्रेसमधून चिठ्ठ्या छापून आणायचे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. एका चिठ्ठीवर चार दुकानं: आमचं, शेजारच्या साडीवाल्या काकांचं, कासाराचं आणि कोपऱ्यावरच्या कुंद्यावाल्यांचं (कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची दुधाची मिठाई). खर्च चौघांत. साडीच्या पिशवीत तीच चिठ्ठी, कुंद्याच्या बॉक्सला बांधलेल्या दोऱ्याखाली तीच, बांगड्यांच्या कागदात तीच. चिठ्ठी घेऊन बाई आली की आप्पा फॉल लावायची मजुरी घ्यायचे नाहीत. साडीवाले काका घरात कन्नड बोलायचे, आम्ही मराठी. कुणाच्या भाषेवरून चिठ्ठी कधी अडली नाही.

आणि आता? परवा दुकानदारांच्या ग्रुपवर मी विचारलं, सगळे मिळून एकच दिवाळीचं पोस्टर करूया का? गणपत गल्ली, खडेबाजारात जाऊन येणारं गिऱ्हाईक परतताना आपल्याकडे वळेल. बावीस जणांनी वाचलं, उत्तर दोघांचं. एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने विचारलं, "पहिलं नाव कुणाचं?" १ नोव्हेंबरला काळी फीत लावून आपण खांद्याला खांदा लावून चालतो, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात गेल्याचं १९५६ पासूनचं दुखणं एका आवाजात सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी शटर वर केलं की शेजारच्याचं नाव आपल्या कागदावर नको? मला याचा खरंच राग येतो.

मान्य, ऑनलाइन स्वस्त पडतं. आणि एकाने खराब माल दिला की चौघांचं नाव जातं, तेही खरं. आप्पांनीसुद्धा एकदा एका दुकानाला चिठ्ठीतून काढलं होतं. पण चिठ्ठी बंद केली नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी आठवतंय ना? इथं शेजारच्या वडगावात विणकरांच्या घरात शिरलं, माग भिजले, सूत वाया गेलं. आप्पा तेव्हा थकले होते, दुकानात नुसते बसून असायचे. त्यांनी मला त्या वर्षीच्या चिठ्ठीवर वरची जागा मोकळी ठेवायला सांगितली. तिथं लिहिलं, 'यंदा एक तरी साडी वडगावच्या मागावरची घ्या.' आमचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. ती त्यांची शेवटची दिवाळी. त्या चिठ्ठ्या घेऊन बायका पार फेब्रुवारीपर्यंत येत होत्या. आप्पा नव्हते, तरी मजुरी मी कुणाकडूनच घेतली नाही.

सकाळी त्या दुकानदाराला मी जरा जास्तच बोलले. त्याचंही दुकान भाड्याचं, दिवाळीचे हे पंधरा दिवस गेले तर वर्ष कसं काढायचं ही धास्ती मला कळते. माझीही तीच आहे. मावशी आता माझ्या पायरीवर बसली आहे. दुपारी चहा देताना विचारलं तर म्हणाली, "एका दुकानानं पन्नास डझन घेतल्या तर मी बसतो कशाला उन्हात?"

उद्या दुपारी प्रेसमध्ये जाते आहे. चिठ्ठी दोन्ही भाषांत. कासाराची सून तयार आहे, कुंद्यावाल्यांचा मुलगाही हो म्हणाला. मावशीच्या पणत्यांचं नाव सगळ्यात वर टाकणार. अजून तीन दुकानांची जागा आहे. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, कुठलंही चालेल. उद्या सकाळी दहापर्यंत मेसेज करा. आणि तो बोर्डवाला हे वाचत असेल तर त्यालाही सांगते, तुझी जागा धरून ठेवली आहे.