फातिमाचं ‘विद्यापीठ’ आणि डुलकीची नोंद

महिला दिन जवळ आला की हा फॉरवर्ड ठरलेला: ‘जगातलं पहिलं विद्यापीठ ८५९ साली मोरोक्कोतल्या फेसमध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीने काढलं. पदवीची पद्धतही तिथूनच युरोपात गेली.’

आधी विद्यापीठाचं बघू. ८५९ साल सांगितलं जातं ते अल-करविय्यीन मशिदीच्या बांधकामाचं. ट्युनिशियातल्या कैरवानहून येऊन स्थायिक झालेल्यांची ती वस्ती, म्हणून हे नाव. मशिदीत अध्यापन चालायचं, पुढे त्याचा मोठा लौकिक झाला, हे खरंच. सरकारी विद्यापीठ मात्र ती १९६३ मध्ये झाली.

फातिमाची कथा येते इब्न अबी झर या इतिहासकाराच्या ग्रंथात. तो चौदाव्या शतकातला, म्हणजे साडेचारशे वर्षं उलटल्यावरचा. उशिराच्या बखरीवर किती विसंबायचं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. शिवाय मशिदीच्या दुरुस्तीत एक कोरीव लेख सापडला. त्यावर बांधणारा म्हणून नाव आहे तिथल्या राजघराण्यातल्या दाऊद बिन इद्रिसचं आणि साल हिजरी २६३, म्हणजे ८७७च्या आसपास. एवढ्यावरून फातिमा नव्हतीच असं ठरत नाही, पण छातीठोकपणे सांगण्यासारखंही काही उरत नाही.

पदवीचा मुद्दा सगळ्यात कच्चा. तिथे मिळायचा तो ‘इजाजा’. आपल्या ‘इजाजत’चाच भाऊ. तो द्यायचा गुरू, संस्था नव्हे. आणि बहुतेकदा एखाद्या ग्रंथापुरता: हे पुस्तक माझ्याकडे शिकलास, आता तू शिकव. सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्कने बगदादला काढलेला, १०६७ मध्ये उघडलेला निजामिया मदरसा केवढा नामांकित! तरी माणसाची पत ठरायची ती कुणापुढे बसून शिकला यावर. इटलीतल्या बोलोन्याचं विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या संघातून वाढलं. मदरसा वक्फवर, म्हणजे धर्मादाय देणगीवर चालायचा, दात्याने घातलेल्या अटींनुसार. मुळात घडणच निराळी.

दमास्कसच्या जुन्या हस्तलिखितांवर तर चक्क हजेरी सापडते. वाचन कुणी केलं, ऐकायला कोण होतं, कुठे आणि कोणत्या दिवशी. कोण उशिरा आला, कुणाला मध्येच डुलकी लागली, तेही लिहिलेलं! झोपेत हुकलेला भाग ऐकला असं धरत नसत.

आणि फॉरवर्डला स्त्रीच हवी असेल, तर चौदाव्या शतकातली दमास्कसची झैनब बिन्त अल-कमाल घ्या ना. ती हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरा शिकवायची, पुरुषही तिच्यापुढे बसून ऐकायचे, आणि तिचं नाव त्या हजेऱ्यांमध्ये आहे, शिकवणाऱ्याच्या जागी.