कलम २४ आणि मी

जर्मनीतल्या गाइझिंगेन गावात चाकांच्या स्केटिंगचा, छप्पर असलेला २०० मीटरचा ट्रॅक आहे. स्पर्धा उद्यापासून. आज सरावाला आमच्या वाट्याची वेळ बुटांच्या लेस आवळेपर्यंत संपलीसुद्धा. सर म्हणाले, "बाहेर जाऊन पाय मोकळे कर." म्हणून डॅन्यूब नदीकाठच्या सायकलवाटेवर गेले, आणि एक अनोळखी आजोबा भेटले.

पिवळंजर्द जॅकेट, हेल्मेट, बॅटरीची सायकल. ती त्यांनी थेट माझ्यापुढे आडवी घातली. स्पीड स्केट्सना ब्रेक नसतो, हे त्यांना कोण सांगणार! कशीबशी गवतात शिरून थांबले.

"ही वाट सायकलींची. तू पादचारी आहेस."

मी खाली पाहिलं. एकेका पायाला ११० मिलिमीटरची चार चाकं. "आजोबा, मी ताशी पस्तीसने जाते."

"वेगाचा प्रश्नच नाही."

त्यांनी हातमोजे काढले, जोडी जुळवून खिशात ठेवले, चष्मा बदलला, फोनवर वाहतूक नियमांचं कलम २४ काढलं आणि सावकाश वाचून दाखवलं. इनलाइन स्केट्स, म्हणजे माझ्यासारखे एका रांगेत चाकं असलेले बूट, हे वाहन नव्हे. त्या यादीत सोबतीला कोण, तर ढकलायच्या व्हीलचेअर, बर्फावरच्या घसरगाड्या आणि बाबागाड्या. बाबांनी कर्ज काढून घेतलेले माझे कार्बनचे बूट बाबागाडीच्या पंगतीला!

तेवढ्यात बॅटरीच्या सायकलींवरून तीन आज्या सुंकन गेल्या. ताशी २५ पर्यंत मोटर ढकलते, तरी कायद्याने ती सायकलच. मांड्यांत गोळे येईस्तोवर पळणारी मी मात्र पादचारी. थोडं पुढे, इमेंडिंगेनजवळ, ही डॅन्यूब उन्हाळ्यात जमिनीखाली गडप होते. तिलाही कुणीतरी कलम वाचून दाखवलं असणार.

मग माझी वरात फरसबंदीच्या फुटपाथवर. दर दगडाला दात वाजताहेत, आणि आजोबा शेजारून सायकल रेटत, मी परत वाटेवर उतरत नाही ना, यावर डोळा ठेवून. समोरून बाबागाडी आली. आजोबा म्हणाले, "तिला जागा दे." दिली.

पुण्यात आम्हाला कुणी कलम दाखवत नाही. तिथे पहाटे पाचला मोकळा रस्ता गाठायचा. कुत्री मागे लागली की आपोआप स्प्रिंटचा सराव होतो. २०२५ मध्ये आपला आनंदकुमार वेलकुमार चीनमध्ये स्केटिंगच्या १००० मीटरचा विश्वविजेता झाला, तरी आमच्या सोसायटीतल्या काकू विचारतात, "अजून चाकांवरच का ग? दहावीनंतर सोडतात ना मुलं?" व्हिसा, विमान, राहणं, सगळं घरच्या पैशांनी; आणि इथे येऊन दगड मोजायचे.

फुटपाथ संपला तसे आजोबा एकदम खुलले. उद्या त्यांचा नातूही लहान गटात धावणार आहे म्हणे. शाळा सुटली की रोज त्याच ट्रॅकवर असतो, पाऊस असो की बर्फ.

"रस्त्यावर नाही करत सराव?" मी विचारलं.

"रस्त्यावर कशाला?" त्यांना खरंच कळेना. "ट्रॅक आहे ना!"