किनारा रिकामा कधी असतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गुहागर आणि वेळणेश्वरच्या माझ्या फोटोंखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. कोकणचा किनारा ओसाड कधीच नसतो. तिथे खारवी, गाबीत, दालदी, भंडारी या समाजांची माणसं राबत असतात. माझ्यासारखे कॅमेरेवाले त्यांना फ्रेमबाहेर ढकलून ‘गूढ, उदास’ किनारा दाखवतात. पाणी गुळगुळीत करणारं लांब एक्सपोजर ही शुद्ध लबाडी. उदासी शहरातून आलेल्या पाहुण्याची, दर्याची नव्हे. आणि रिकामा किनारा दाखवला की मागोमाग जमिनीचं गिऱ्हाईक येतं. शेवटी ‘एकदा रापणीला (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याला) या, मग बोलू’ असं आमंत्रणही आहे.

जमिनीचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर नंतर येतो. बाकीच्यांवर माझं तुमच्याशी जमत नाही.

किनारा रिकामा असतो. रोज काही तास असतो, आणि कधी असेल हे बऱ्याच अंशी पंचांग बघून सांगता येतं. तुम्ही ज्या फोटोंवर चिडलात ते, दोन सोडून, आषाढातले आहेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या खाडीत आत नेलेल्या किंवा वर ओढून झापांनी, ताडपत्रीने शाकारलेल्या असतात, आणि जाळी घरात दुरुस्तीला पडलेली. त्या दिवसांत वाळूवर माणूस दिसला नाही तर त्यात फोटोवाल्याची करामत काय? उलट एखादा पर्यटक पाण्यात उतरलेला दिसला असता तर कॅमेरा ठेवून आधी त्याला बाहेर बोलवावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. तुम्ही किनाऱ्यावरचे, तुम्हाला तिथीचा हिशेब शिकवायची माझी छाती नाही, पण इतर वाचकांसाठी लिहितो. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ साधारण हाती येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला किंवा अमावास्येला संध्याकाळी सूर्य कलतो तेव्हाच ओहोटी पुरी होत आलेली असते, तीही उधाणाची, त्यामुळे पाणी खूप आत गेलेलं असतं. मागे ओल्या वाळूचा रुंद पट्टा उरतो आणि त्यात आभाळ उतरतं. अष्टमीला त्याच जागी, त्याच वेळी गेलात तर पाणी सुरूच्या बनाच्या दिशेने वर आलेलं असतं आणि उभं राहायला वाळूची त्याहून अरुंद पट्टी मिळते. जागा तीच, फोटो वेगळा, भावही वेगळा. पहिल्यात मोकळीक वाटते, दुसऱ्यात कोंडी. मी जे ‘मूड’ वगैरे म्हणतो ते निम्मं तिथीचंच काम आहे. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, हे मला लोक फार विचारतात. तिथी कुठली होती हे कुणी विचारत नाही.

तिसरं कारण गावाच्या रचनेत आहे. गुहागर बघा. एक लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना घरं. पश्चिमेच्या घरांची पडवी रस्त्याकडे आणि परसदार समुद्राकडे. मागे नारळी-पोफळीची वाडी, तिच्यामागे सुरू, मग वाळू. खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून जुन्या लोकांनी दर्याकडे पाठ करून घरं बांधली. समुद्र दिसणारी खोली हे हॉटेलवाल्यांचं खूळ. त्यामुळे वाळूवर उभं राहिलं की शंभर पावलांवरचं नांदतं गाव दिसत नाही, फार तर एखादा पंप ऐकू येतो. हा रिकामेपणा गावानेच घडवलेला आहे, मी तो जसा आहे तसा घेतला.

हेच मी हर्णैला केलं असतं तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी ठरली असती. हर्णैला संध्याकाळी लिलाव चालू असतो, टोपल्या, बर्फ, आरडाओरडा. तिथे माणसं टाळून एकटा खडक टिपायचा तर खोटेपणासाठी कष्ट घ्यावे लागतात. मिरकरवाड्यालाही तेच. अशा बंदरांवर मी रिकामेपणाचे फोटो काढत नाही.

आता लांब एक्सपोजर. फिल्टर लावून शटर तीस सेकंद उघडं ठेवलं तर चालणारा माणूस फोटोत उमटत नाही, हे खरं. ही युक्ती नवी नाही. 1838 मध्ये दागेर या आद्य फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात गाड्या-घोडे, माणसं सगळी गायब. कारण एक्सपोजर काही मिनिटांचं. उरला फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक जण, कारण तो जागचा हलला नव्हता. माणसं पुसायला ही युक्ती वापरायची नाही, हा माझा नियम आहे. कुणी चालत आलं तर तो जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर त्याच्यासकट फोटो घ्यायचा.

आणि आषाढातल्या समुद्राला लांब एक्सपोजर शोभतच नाही. तेव्हाचं पाणी खाड्यांतून आलेल्या गाळाने मातकट असतं, लाट फुटते ती फेसासकट आणि आवाजासकट. तिला तीस सेकंदांत सपाट केलं की पावसाळा निघून जातो, उरतं कॅलेंडर. म्हणून तुम्ही पुन्हा बघितलंत तर दिसेल की या मालिकेत लाटा थिजलेल्या आहेत, सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून जलद शटरवर. तुम्हाला गुळगुळीत वाटले ते दोन फोटो मार्गशीर्षातले आहेत. तेव्हा सकाळी मतलई वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, लाट उठतच नाही, आणि समुद्र खरोखरच तसा असतो. (त्या दिवसांत सूर्यास्ताचीही फजिती होते. क्षितिजावर धुरकट पट्टा साचलेला असतो आणि सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच, हातभर वर, विरून जातो. गडद जांभळं आभाळ आणि पाण्यात बुडणारा लालबुंद गोळा असा पौषातला फोटो दिसला तर मी आधी शंका घेतो.)

उदासी कुणाची, हा प्रश्न मला आवडला. माणूस नसलेल्या फोटोत डोळ्याला मोजमाप मिळत नाही. लाट गुडघ्याएवढी की पुरुषभर, कळत नाही. तेव्हा सगळा भार क्षितिजाच्या रेषेवर येतो. ती खाली ठेवली की आभाळ दडपतं, वर ठेवली की वाळू पसरत जाते, आणि जराशी तिरकी झाली की सगळंच हास्यास्पद. ही निवड माझी असते, हे मान्य. समुद्र काही सांगत नाही, मी सांगतो. पण ते मनातून काढून वाळूवर थापलेलं नसावं, म्हणून मी खुणा ठेवतो: खेकड्याने काढलेल्या गोळ्यांची नक्षी, भरतीने टाकलेला ओंडका, जाळ्याचा तुकडा, एकेकटी चप्पल, डांबराचे गोळे. तिसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात निळा नायलॉनचा दोर आहे. तो काढून टाकायला दोन मिनिटं लागली असती. तो तिथे आहे म्हणजे तुमची माणसं तिथे आहेत.

शिवाय, उदासी पाहुण्यांचीच असते हे मला पटत नाही. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या बंदरांवर एकेकाळी मुंबईची आगबोट यायची, पडावातून (छोट्या होडीतून) उतारू चढायचे-उतरायचे, आणि पावसाळ्यात ती बंद व्हायची. म्हणजे चाकरमानी मुंबईत अडकलेला, घरचे इकडे, आणि मध्ये चार महिने खवळलेलं पाणी. त्या धक्क्यांवर आज उभं राहिलं तर जे वाटतं ते मी गावात आणलेलं नाही, ते गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातही आहे.

आता जमीन. रिकामं दिसतं ते बिनमालकीचं वाटतं, आणि तसं वाटायला लावणारे फोटो कोकणात पुष्कळ फिरतात. 1991 पासून किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेडचे) नियम आहेत, 2011 मध्ये आणि 2019 मध्ये ते बदलले. 2019 च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचा ना-विकास (बांधकामबंदीचा) पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आला. अशा वेळी किनारा कसा दाखवायचा हा नुसता सौंदर्याचा प्रश्न राहत नाही, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. म्हणूनच मी ड्रोन वापरत नाही. वरून घेतलेला किनारा आखून ठेवलेल्या प्लॉटसारखा दिसतो: इथून इथपर्यंत वाळू, इथे झाडं, इथे रस्ता. माणसाच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत समोर पाणी असतं, तुमच्या पायाखाली ओलं असतं, आणि तिथे काही बांधावं असं सहसा सुचत नाही. ठिकाणही मी गावाच्या नावापर्यंतच देतो, वाट सांगत नाही. कासवांची घरटी असलेल्या जागांचं तर तेवढंही नाही. पण गिऱ्हाईक येतं म्हणून रिकामा किनारा टिपूच नये, हे मात्र मानणार नाही. गर्दीचे फोटो बघूनही गिऱ्हाईक येतंच, आणि ते जास्त पैसे घेऊन येतं.

रापणीचं आमंत्रण स्वीकारलं. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र जरा निवळला की येतो, दिवस तुम्ही सांगा. दोरावर माणूस कमी पडलं तर कॅमेरा बाजूला ठेवून हात लावीन, फक्त नवख्याला कुठल्या टोकाला उभं करायचं ते तुम्ही ठरवा. फोटो जमले तर ते या मालिकेत घालणार नाही, त्यांची वेगळी मालिका करीन. तिच्याखाली कुणीतरी ‘इतकी गर्दी कशाला, थोडी मोकळी वाळू दाखवा’ असं लिहिणारच. त्याला उत्तर तुम्ही द्यायचं.